बेडकेवाले डॉक्टर

"आधी थुंका, मग बोला."

नोकरीच्या पहिल्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं माझं स्वागत केलं ते असं. मुंबईत डॉक्टर होऊन मी कोल्हापुरात आले होते, रंकाळ्याच्या वाटेवरच्या एका धर्मादाय इस्पितळात बायकांचा वॉर्ड सांभाळायला. गाडीत गार वारं लागून खोकला झाला होता. सगळ्यांची ओळख करून घ्यावी म्हणून मी प्रयोगशाळेच्या दारात गेले, नमस्कार म्हणायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी खोकलाच बाहेर पडला. लगेच आतून एक लांबलचक हात पुढे आला. बोटं पेरापेरांपर्यंत जांभळी झालेली आणि त्या बोटांत झाकणाची काचेची वाटी. इतक्या हक्कानं वाटी पुढे केलेली, की मी मुकाट्यानं थुंकले. त्यांनी ती उजेडात धरली, डावीउजवीकडे कलती करून पाहिली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "छान आहे. या, बसा."

कफाच्या गोळ्याला आमच्याकडे बेडका म्हणतात. म्हणून गावात त्यांचं नाव पडलं होतं बेडकेवाले डॉक्टर. नव्या माणसाला वाटायचं, हे बेडूक पाळतात. डॉक्टरांना त्या नावाचं काही वाटत नसे. टांगेवाल्यालासुद्धा ते स्वतःच सांगत, "बेडकेवाल्यांच्या घरी चल."

बोटं जांभळी व्हायची ती जंतूंना चढवायच्या रंगानं. तो रंग साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, आणि डॉक्टर तो जाऊ देत नसत. त्यांच्या हातचं पान खायला लोक कचरत. बायको म्हणायची, "लग्नात हळद लागली ती दोन दिवसांत गेली, ही जांभळी मात्र जन्माची."

त्यांचा विषय एकच होता आणि तो ते कुणालाही, कुठेही समजावून सांगत. फ्लूचा ताप ज्या विषाणूनं येतो तो इतका बारीक, की आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. त्याच्यावर औषधही नाही. चार दिवस अंग मोडून काढतो आणि जातो. पण जाताना छातीचं दार उघडं टाकून जातो. मग त्या उघड्या दारातून दुसरेच जंतू आत शिरतात आणि न्यूमोनिया करतात. हे दुसरे दिसतात आणि यांच्यावर औषध आहे. तेव्हा प्रश्न एवढाच, की फ्लू झालेल्या शंभर माणसांतून कुणाच्या छातीत हे दुसरे शिरलेत आणि कुणाच्या नाहीत, ते वेळेवर ओळखायचं कसं? त्यासाठी ते बेडके जमवत. खोकणारा माणूस दिसला, की त्यांची वाटी पुढे झालीच. देवळाच्या पायरीवर, एस.टी.च्या रांगेत, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला.

ते दिवस पेनिसिलीनचे होते. दुसरं महायुद्ध संपलं आणि ते औषध बाजारात आलं, तसं लोकांना वेड लागलं. डोकं दुखलं तरी सुई, पोराला दात येत असला तरी सुई. सुई न देणारा डॉक्टर म्हणजे कमशिकलेला. आमच्या इस्पितळाचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते हुशार होते, हाताला यश होतं, पण दारातली गर्दी नाराज होऊन परत जाणं त्यांना सोसत नसे. ते सरसकट सुई देत. यावरून दोघांची नेहमी जुंपे.

"अहो, दिली तर बिघडतं काय?" मोठे साहेब म्हणायचे. "समाधान होतं माणसाचं."

"पेनिसिलीन औषध आहे, प्रसाद नव्हे," डॉक्टर म्हणायचे. "रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायला! तुम्ही देता थोडं थोडं, जंतू शिकतात. उद्या खरंच लागेल तेव्हा ते त्याला भीक घालणार नाहीत."

"जंतू शिकतात! शाळेत घाला मग त्यांना."

"घातलंय. तुमच्याच वॉर्डातले आहेत. या, दाखवतो."

मोठे साहेब कधीच गेले नाहीत. मी गेले. काचेच्या चपट्या बशीत तांबडा थर, त्यावर पिवळट ठिपक्यांसारखे वाढलेले जंतू आणि मधोमध पेनिसिलीनमध्ये बुडवलेली कागदाची टिकली. जंतू मरत असतील तर टिकलीभोवती मोकळं अंगण पडतं. आमच्या वॉर्डातले जंतू टिकलीला चिकटून वाढले होते. डॉक्टर त्यांच्याकडे पाहून कानडीत काहीतरी पुटपुटले. ते शिरोळकडचे, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चाले, पण शिव्या आणि कौतुक मात्र कानडीतच. ही शिवी होती की कौतुक, ते मला कळलं नाही.

तो तांबडा थर रक्ताचा असे आणि रक्त मेंढीचं लागे. डॉक्टर गळ्यात लिंग असलेले, पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. घरात कांदा चिरतानाही खिडकी उघडायचे. तर अशा माणसानं इस्पितळाच्या मागच्या अंगणात मेंढी पाळली होती. तिचं नाव अक्का, म्हणजे कानडीत थोरली बहीण. आठवड्यातून एकदा तिच्या मानेतून थोडं रक्त काढायचं, त्याआधी तिची माफी मागायची आणि नंतर गूळ-चणे भरवायचे. बाकीचे दिवस ती कडुलिंबाखाली रवंथ करत बसे आणि इस्पितळात येणारं प्रत्येक कोल्हापुरी माणूस तिच्याकडे एकाच नजरेनं पाही. आमच्या सेक्रेटरींनी एकदा मोठ्या प्रेमानं विचारलं, "डॉक्टर, मेंढी झाली की आता चांगली. कवा कापायची?" त्यानंतर डॉक्टर त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. कामाचं काही असलं तर मला सांगत, "त्या खाटकाला म्हणावं, स्पिरिट संपलंय."

जंतू वाढायला अंगाएवढी ऊब लागते. त्यासाठी विजेची पेटी होती, पण वीज लहरी. वीज गेली की डॉक्टर जंतूंच्या बंद नळ्या सुती पट्ट्यात ओवायचे आणि तो पट्टा सदऱ्याच्या आत कमरेला बांधायचे. "यापेक्षा बरी पेटी विलायतेत नाही," म्हणायचे. असेच ते एका विश्वस्तांच्या मुलीच्या लग्नाला आले. विश्वस्तांनी आनंदानं मिठी मारायला हात पसरले, तशी डॉक्टरांच्या बायकोनं मध्ये उडी घेतली. "लांबनं भेटा हो! यांच्या कमरेला न्यूमोनिया बांधलाय!" पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. डॉक्टर शांतपणे जेवले, जिलेबी दोनदा मागून घेतली.

हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि आम्ही हसत होतो. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकायची. या माणसाला बेडका जेवढा कळे तेवढा बेडक्यामागचा माणूस कळत नसे. जंतूंशी ते तासन् तास बोलत, रोग्याशी दोन शब्द. "झोपा. पाणी प्या." झालं. रोगी आपल्याकडे पाहतोय, त्याला आणखी काही ऐकायचंय, हे त्यांच्या गावीही नसे. प्रयोगशाळेत बसून हे चालून जात होतं.

मग साथ आली. पन्नासचं दशक संपायला आलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी आधी मुंबईहून बातम्या आल्या आणि पाठोपाठ माणसं. बघता बघता घरटी दोघं-तिघं अंथरुणाला खिळली. शाळा ओस पडल्या, कोर्टात पुकारा केला तर उत्तराला खोकलाच येई. आमच्या इस्पितळाचे निम्मे डॉक्टर स्वतःच आजारी पडले आणि मोठ्या साहेबांनी नाइलाजानं बेडकेवाल्यांना बाहेरच्या रोग्यांवर बसवलं.

रांग दारापासून रस्त्यापर्यंत जायची. डॉक्टर प्रत्येकाची छाती ऐकत, बेडका घेत, काचेवर पसरून तिथल्या तिथे रंगवून बघत. बहुतेकांच्या छातीत काही नसायचं, निव्वळ फ्लू. त्यांना ते म्हणत, "सुई नको. घरी जा. झोपा." लोक चिडत, शिव्या देत, उठून खाजगी दवाखान्यात जाऊन सुई घेत. डॉक्टर ढिम्म.

त्या रांगेत कसबा बावड्याची एक बाई होती. नवरा साखर कारखान्यात कामाला. अंगात ताप, डोळे लाल, पण छाती स्वच्छ आणि बेडकाही स्वच्छ. तिनं हात जोडून सुई मागितली. डॉक्टर म्हणाले, "नको. घरी जा. झोपा." ती गेली.

आठवडा झाला नसेल. तिला बैलगाडीत घालून परत आणलं ती थेट माझ्या वॉर्डात. ओठ निळे पडलेले, श्वास असा की खाट हलत होती. मी पेनिसिलीन दिलं, प्राणवायू लावला. निरोप मिळताच डॉक्टर धावत आले. छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिनं खोकून टाकलेलं त्यांनी वाटीत घेतलं, तिचा हात हातात धरून काही वेळ उभे राहिले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

व्हरांड्यात नवऱ्यानं डॉक्टरांची गचांडी धरली. उंच, काळासावळा, कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आलेला. "सुई मागिटली हुती तिनं! हात जोडून मागिटली हुती! का दिली न्हाईस रं? तुज्या बापाची पेंड हुती काय?"

लोक धावले. डॉक्टरांनी त्याचा हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. सदऱ्याची वरची दोन बटणं तुटून खाली पडली, तरी ते नुसते त्याच्या तोंडाकडे पाहत उभे. शेवटी वॉर्डबॉयनी त्याला बाजूला घेतलं.

थोड्या वेळानं मी प्रयोगशाळेत गेले, तर डॉक्टर तिचा बेडका बशीवर पेरत होते. मला संताप आला. "अहो, बाई गेली," मी म्हणाले.

"हो. म्हणूनच," ते म्हणाले. त्यांनी बशीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून बशी दाखवली. द्राक्षाच्या घोसासारखे जमून वाढणारे जंतू आणि पेनिसिलीनच्या टिकलीला अगदी खेटून वाढलेले. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. "म्हणजे पहिल्या दिवशी सुई दिली असती, तरीही..."

"तरीही गेली असती, असंच ना?" ते म्हणाले. "खरं असेल. पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आणि तुम्ही ते पुन्हा म्हणू नका. ते ऐकायला मला फार आवडेल, म्हणून."

दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी माझ्या वॉर्डात आले. "माझ्याबरोबर बावड्याला येता? मला त्यांच्या घरी जायचंय. बायकामाणसांत तुम्ही असलात तर बरं."

मी म्हणाले, "मार खाल."

"खाईन."

आम्ही गेलो. घरात सुतकाची शांतता. दारात बसलेल्या भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "आता काय बेडका न्यायला आला काय?" डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले. आतून नवरा आला. आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घोंगडं टाकलं. "बसा."

डॉक्टर म्हणाले, "माफी मागायला आलोय, पण त्यानं तुम्हाला काही मिळणार नाही. मला एक सांगाल? ती माझ्याकडून घरी आली, तिथपासून काय काय झालं?"

"कशापायी?"

"मला कळलं पाहिजे. मी तिला बघितलं पहिल्यांदा आणि शेवटी. मधलं मला माहीत नाही."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. त्याची बहीण भिंतीला टेकून बसली होती, ती बोलू लागली. "ताप उतरला की तिचा. चांगला उतरला. उठली, न्हाली, भाकऱ्या थापल्या. आमी म्हनलो बरी झाली. देवीला नारळ फोडला. आनि दुसऱ्या दिशी सांजंला थंडी भरली बगा, दात वाजाय लागलं. छातीत कळ आली म्हनाली."

"परत ताप चढला," डॉक्टर म्हणाले.

"व्हय. आदीपक्षा जास्ती."

आता नवरा बोलला. डॉक्टरांकडे न बघता. "मी म्हनलो, चल दवाखान्यात. न्हाय म्हनली. म्हनली, डॉक्टर म्हनलाय घरी जा, झोपा. पयल्यांदा सुई दिली न्हाय, आता काय देनार हाय? नुसतं परत पाठवंल." आता त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. "तुमचंच ऐकलं की हो तिनं. झोपून ऱ्हायली."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, परत काढला. परतताना टांग्यात स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सुई द्यायची नाही हे बरोबर होतं. पण उतरलेला ताप परत चढला तर धावत या, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर ती चालत आली असती, बाई. चालत. तेव्हा दुसरं औषध देता आलं असतं."

त्या दिवसापासून बाहेरच्या रोग्यांची रांग दुप्पट हळू सरकू लागली. डॉक्टर प्रत्येकाला समोर बसवत. "ताप उतरेल. उतरला म्हणून कामाला लागू नका. उतरून परत चढला, थंडी वाजली, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही. पाऊस असो, रात्र असो, इथे यायचं. मी परत पाठवणार नाही. काय करायचं? सांगा बघू मला." आणि रोग्याकडून ते वदवून घेत. म्हातारी माणसं चुकली तर पुन्हा. मोठे साहेब वैतागले, "ही काय पाढ्यांची शाळा आहे?"

तिसऱ्या आठवड्यात बावड्याचा तो नवरा रांगेत उभा दिसला. आजारी नव्हता. नंबर आल्यावर समोर बसला आणि म्हणाला, "काय सांगताय तुमी लोकास्नी, ते मला सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "बरोबर हाय?"

"बरोबर."

"हितं येत्यात त्यांस्नीच तुमी सांगनार. जे येत न्हाईत त्यांस्नी कोन सांगनार?" असं म्हणून तो उठून गेला.

नंतर कानावर येऊ लागलं. कारखान्याची पाळी सुटली की हा माणूस सायकलवर टांग टाकून बाजार भरतो तिथे जायचा. एकदा मी गडमुडशिंगीला एका बाळंतिणीला पाहायला गेले होते, तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं. उभ्या गाडीच्या जोखडावर एक पाय देऊन तो ओरडत होता, "ओ पावणं, हिकडं ऐका! ताप उतरला म्हनून उठू नका! उतरून परत चढला, छातीत कळ आली, तर रंकाळ्याच्या इस्पितळात या! थांबू नका! माजी बायकू थांबली, ती गेली!" वांगी विकणाऱ्या बायकांनी तराजू खाली ठेवले होते.

त्याच मुडशिंगीहून थोड्याच दिवसांनी एक गरोदर बाई आली. आठवा महिना. फ्लू होऊन उतरलेला आणि सकाळी परत थंडी वाजलेली. दुपारपर्यंत ती इस्पितळात होती. ओठ अजून गुलाबी होते. नवरा म्हणाला, "त्यो बावड्याचा बाजारात वरडत हुता न्हवं, म्हनून आनली." डॉक्टरांनी बेडका रंगवला, पाहिला आणि मला बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळे घोस, खच्चून भरलेले.

"पेनिसिलीन चालणार नाही," ते म्हणाले. "बशीत पेरून उद्यापर्यंत थांबलो तर उशीर होईल. नवं औषध पाहिजे."

नवं औषध म्हणजे परदेशातून आलेल्या गोळ्यांच्या मोजक्या बाटल्या. त्या मोठ्या साहेबांच्या कपाटात कुलपात असत. अडीअडचणीला, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्या अडीअडचणीला. साहेब म्हणाले, "आधी पेनिसिलीन देऊन बघू. दोन दिवसांत फरक नाही पडला तर..."

"दोन दिवसांनी ती नसेल."

"डॉक्टर, तुम्हीच ना चार वर्षं माझा जीव खाताय, औषध देऊ नका म्हणून?"

"ज्याला नको त्याला देऊ नका म्हणतोय! हिला पाहिजे!" इस्पितळात त्यांचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "किल्ली द्या, नाहीतर मी हे फोडतो. मग पोलिसांत द्या मला. पण गोळी आत्ता."

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

पहिले दोन दिवस काही खरं वाटत नव्हतं. मी आणि डॉक्टर आळीपाळीनं तिच्याजवळ बसलो. एकदा मी आत आले, तर ते तिच्या सासूला समजावत होते की सून खोकते ते चांगलं, घाण बाहेर येतेय, भिऊ नका. सासू त्यांना चहा घ्या म्हणत होती. तिसऱ्या दिवशी बाईनं भाकरी मागितली. पुढे पूर्ण दिवस भरून तिला मुलगी झाली, माझ्याच हातावर.

साथ ओसरली आणि बावड्याच्या बाईच्या मृत्यूची चौकशी निघाली. तक्रार नवऱ्यानं केली नव्हती, गावातल्या कुणा पुढाऱ्यानं केली होती. विश्वस्त टेबलामागे रांगेनं बसले. त्याआधी मोठ्या साहेबांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई उशिरा आली, एवढंच म्हणा. ते खोटंही नाही. तुमची बशी दाखवा, पेनिसिलीनचा उपयोग झाला नसता म्हणा. विषय मिटेल." मीही तेच म्हटलं होतं.

विश्वस्तांनी विचारलं, "तुम्ही सुई नाकारली?"

"हो."

"ती चूक होती?"

"नाही. त्या दिवशी तिच्या छातीत जंतू नव्हते."

"म्हणजे तुमची चूक नाही."

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "ती उशिरा आली, कारण मी तिला घरी जा म्हणालो आणि परत कधी यायचं ते सांगितलं नाही. मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, पण माझा तर अभ्यासच त्याचा होता. मी बोललो नाही."

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. विश्वस्तांनी नवऱ्याला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

तो उभा राहिला. "माजं म्हननं त्यांनीच सांगिटलं की. मी दुसरं काय सांगू?" बसता बसता परत उठला. "एक लिवा. ह्यो मानूस घरात आला हुता. दुसरं कोन आलं न्हाय."

एवढं झाल्यावर विश्वस्तांपुढे दुसरा रस्ता नव्हता, असं ते म्हणाले. डॉक्टरांना पुढच्या महिन्यात जायला सांगण्यात आलं. निरोपसमारंभ झाला नाही. मेंढी त्यांनी बरोबर नेली, बायको ट्रकात पुढे आणि ते मागे मेंढीजवळ.

जयसिंगपूरला त्यांनी लहानसा दवाखाना काढला. वर्षभरानं मी एका बाळंतपणासाठी तिकडे गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून भेटायला गेले. बाहेर बाकावर भरपूर माणसं. आत डॉक्टर एका म्हातारीशी बोलत होते. बोलणं संपेना. ताप, खाणं, झोप, लेक कुठे दिली, सून बघते का. शेवटी त्यांनी कधी परत यायचं ते सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं आणि ती उंबरा ओलांडताना पुन्हा हाक मारून विचारलं. मग पुढचा रोगी. दोन तास मी बसून पाहत होते.

दवाखाना रिकामा झाल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, प्रत्येकाला एवढा वेळ दिलात तर संशोधन कधी करणार?"

"सकाळी करतो थोडं." त्यांनी हात धुतले. पाणी जांभळं झालं. "परवा तो बावड्याचा आला होता. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत बसला. कारखान्याचं बोलला, उसाचं बोलला."

"बोलतो तुमच्याशी?"

"बोलतो. एकदा मी त्याला विचारलं होतं, तिचं नाव काय. मी तिची छाती ऐकली, बेडका पाहिला, दोनदा. आपल्या कागदावर नुसतं 'बावड्याची स्त्री' असं होतं. त्यानं सांगितलं आणि म्हणाला, लिहून घ्या. मी म्हटलं, नको, लक्षात राहील."

बाहेर कुणीतरी खोकलं. ते उठले आणि दार उघडायच्या आधी मला म्हणाले, "हौसा. हौसाबाई."